न्हाणीघरातील गरम पाण्याचा दाब

शेतकीच्या मासिकात न्हाणीघराचा विषय कशास, असे कित्येक वाचकांस वाटेल. परंतु ज्या बागायतदाराने विहिरीवर पंप बसविला, कलमांस ठिबकाच्या नळ्या घातल्या आणि घराच्या मागील स्लॅबवर उन्हाने पाणी तापविण्याचे यंत्रही आणून ठेविले, त्याच्या दृष्टीने हे सारे एकाच पाण्याचे व एकाच पिशवीतून होणाऱ्या खर्चाचे काम आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेडोपाडी ही यंत्रे, ज्यांस सर्वत्र सोलर असेच म्हणतात, आता पुष्कळ दिसू लागली आहेत. त्यांच्याविषयी जी तक्रार आमच्या कानी वारंवार येते ती पाणी तापत नाही अशी नसून, तापलेले पाणी नळास येत नाही अशी आहे. थंड पाण्याचा नळ सोडावा तर बादली बघता बघता भरते. गरम पाण्याची मात्र करंगळीएवढी धार. मग प्लंबर येतो, तोटी उघडझाक करून पाहतो आणि पंप बसवा असे सांगून जातो. हा पंप बहुतेक ठिकाणी अनावश्यक असतो व काही ठिकाणी तो यंत्राचा घात करितो. सबब तो घेण्यापूर्वी घरधन्याने स्वतः काय पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आमच्या पिढीचे बालपण तांब्याच्या बंबापाशी गेले. बंबात नारळाची सोडणे व करवंट्या घालावयाच्या, वरून गार पाण्याची कळशी ओतावयाची आणि तोटीखाली घंगाळ धरावयाचे. तेथे दाबाचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण दाब देणारा मनुष्य कळशी घेऊन शेजारी उभाच असे. सोलरच्या टाकीत तेच काम होते. फरक इतकाच की कळशी ओतणाऱ्या माणसाच्या जागी थंड पाण्याची टाकी आली. थंड पाणी सोलरच्या टाकीत तळाशी शिरते व वरचे तापलेले पाणी नळाकडे ढकलते. ही एक गोष्ट ज्याने ध्यानात ठेविली त्याला पुढील सर्व समजणे सोपे जाईल. गरम पाण्याचा दाब हा उष्णतेचा नव्हे, तो थंड टाकीच्या उंचीचा असतो. उन्हवऱ्यास किंवा राजापूरच्या उन्हाळ्यावर पाणी जमिनीतून आपोआप वर येताना ज्यांनी पाहिले आहे त्यांची अशी समजूत असते की, पाणी तापले म्हणजे ते जोराने धावते. तेथेदेखील उंच जागी मुरलेल्या पाण्याचा रेटा असतो. आपल्या स्लॅबवर तर उंचीवाचून दुसरा आधारच नाही.

ही उंची मोजावयास ओळंबा व टेप पुरे. थंड टाकीतील पाण्याच्या पातळीपासून न्हाणीघरातील तोटीपर्यंत किती फूट अंतर आहे ते मोजावे. १० मीटर म्हणजे सुमारे ३३ फूट उभ्या पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरास १ किलो भरतो. म्हणजे १० फुटांच्या उंचीने जेमतेम पाव-तीन दशांश किलो दाब मिळतो. साध्या तोटीखाली बादली भरण्यास इतका दाब पुरतो, साधा शॉवरही चालतो. बाजारातील झगझगीत मिक्सरांचे शॉवर मात्र शहरातील उंच इमारतींच्या दाबासाठी बनविलेले असतात. ते इतक्या उंचीवर रडतात, आणि त्यात सोलरचा दोष काही नाही.

कोकणातील घराची रचना येथे अडचण करिते. घाटावरील धाब्याच्या किंवा स्लॅबच्या घरावर टाकी व सोलर दोन्ही ऐसपैस बसतात. आपले मूळ घर कौलारू. त्यावर काही ठेवता येत नाही. म्हणून घरामागे नव्याने बांधलेल्या न्हाणीघराच्या आठ-नऊ फूट उंच स्लॅबवर सोलर चढतो आणि त्याच स्लॅबवर, त्याच पातळीस, शेजारी काळी प्लॅस्टिकची टाकी बसते. हे चुकीचे आहे. थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याहून निदान फूटभर वर असावयास पाहिजे. तसे नसेल तर थंड टाकी अर्धी झाली की सोलरची टाकी वरच्या भागात रिकामी राहते, आणि गरम पाणी तर नेमके वरच्याच भागात असते. उपाय जांभ्याचा चौथरा किंवा लोखंडी घोडा करून थंड टाकी उचलणे हाच. ज्यांच्या परसामागे चढ आहे त्यांनी टाकी त्या चढावरच्या बांधावर ठेविली तर घोड्याचाही खर्च वाचतो. आपल्या वाडीवस्तीत असा चढ नसलेली घरे थोडीच सापडतील.

उंची पुरेशी असून धार बारीक येत असेल तर दोष कोठे आहे हे शोधण्यास एक बादली व घड्याळ एवढेच लागते. १० लिटरांची बादली थंड नळाखाली भरण्यास किती वेळ लागतो तो पाहावा, मग त्याच जागी गरम नळाखाली. दोन्ही सारखेच मंद असतील तर टाकी, तिची उंची किंवा तिच्यातून निघणारी मुख्य नळी यांकडे पाहावे. थंड जोरात व गरम मंद असेल तर दोष सोलरच्या वाटेवर आहे. एकाच खोलीतला गरम नळ मंद व स्वयंपाकघरातला चांगला असेल तर सोलरकडे जाण्याचे कारणच नाही. त्या तोटीच्या तोंडाची जाळी काढून पाहावी. जांभ्या दगडातील विहिरीच्या व विशेषतः बोअरच्या पाण्यात लोखंडाचा अंश असतो. तो जाळीत तांबड्या गाळासारखा बसतो. पावसाळ्यातल्या गढुळ पाण्याने त्यात भर पडते. आम्ही पाहिलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच या जाळीपाशीच मिटल्या, आणि त्यास लागले काय तर जुना दात घासण्याचा ब्रश.

सोलरच्या वाटेवरचा दोष ओळखण्याची खूण धारेच्या स्वभावात असते. नळ सोडताच जोरात येऊन मग हळूहळू मंदावणारी धार असेल, तर सोलरमध्ये भरणारे थंड पाणी कमी पडत आहे. भरणीच्या नळीवरील व्हॉल्व्ह अर्धा बंद राहिला असेल, किंवा ती नळी अर्ध्या इंचाची असेल. अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटर पोटाच्या २० मीटर लांब नळीतून मिनिटास १० लिटर पाणी न्यावयाचे तर सुमारे दीड मीटर उंची घर्षणातच खर्च होते. तीच नळी एक इंची असेल तर अवघी वीतभर. ज्याच्यापाशी मुळात तीनच मीटर उंची आहे त्याने निम्मी भांडवल नळीतच घालवावी काय? शेतातील पंपाला कोणी अर्ध्या इंचाची नळी लावीत नाही. घरात मात्र पैसे वाचविण्याची बुद्धी नेमकी तेथेच होते.

धार फसफसत, थांबत थांबत, दुधासारखी पांढरी येत असेल तर नळीने हवा धरली आहे. हा प्रकार डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळीने घरी आणणाऱ्यांस सांगावयास नको. वाटेत नळी एके ठिकाणी उंटाच्या पाठीसारखी वर गेली की तेथे हवा अडकते व पाणी अडते. गरम नळीत हे अधिक घडते, कारण थंड पाण्यात विरघळलेली हवा पाणी तापताच बाहेर पडते व उंचवट्यात साचते. म्हणून सोलरपासून नळापर्यंतची नळी एकसारख्या उतरणीने यावी, मध्ये चढ नसावा. भिंत ओलांडण्यासाठी चढ द्यावाच लागला तर माथ्यावर हवा सुटण्यासाठी उघडी नळी ठेवावी. येथे एका काटकसरीचा उल्लेख करणे अवश्य आहे. बागेतले उरलेले करड्या रंगाचे पीव्हीसी पाइप गरम पाण्यासाठी वापरण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. ते गरम पाण्याने मऊ पडतात, दोन खुंट्यांमध्ये झोळ येतो आणि मूळची सरळ नळी वर्षभरात नागमोडी होते. मग हवा धरल्याशिवाय कशी राहील? वैशाखातल्या दुपारी, घरातील माणसे लग्नाला गेलेली व पाणी कोणी काढलेले नसताना, सोलरचे पाणी ८० अंशांच्याही पुढे जाऊ शकते. गरम नळीसाठी सीपीव्हीसीचा पाइपच घ्यावा, आणि खुंट्या जवळ जवळ माराव्या.

अडकलेली हवा काढण्याची एक युक्ती प्रचारात आहे: न्हाणीघरातील थंड व गरम तोट्यांना रबरी नळीचा तुकडा जोडावयाचा आणि थंडाच्या जोराने गरम नळीतील हवा उलट सोलरकडे लोटावयाची. ती चालते. परंतु ती सकाळी ऊन चढण्यापूर्वी करावी, हवानळी उघडी असल्याची खात्री करून घ्यावी, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबावे. भर दुपारी, रिकाम्या झालेल्या काचेच्या नळ्यांत थंड पाणी सोडले तर काच तडकते. टाकी रिकामी झालीच असेल तर भरण्याचे काम रात्री करावे, म्हणजे भीती नाही.

आता त्या हवानळीविषयी. सोलरच्या टाकीच्या माथ्यावर एक उघडी उभी नळी असते. तिचे तोंड थंड टाकीच्या काठाहून उंच असावयास पाहिजे. ती कशासाठी हे माहीत नसल्यामुळे तिच्यावर फार अन्याय होतो. २५ अंशांवरचे २०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापले की ते सुमारे ३ लिटरांनी वाढते. वाढीव पाण्याला जागा हवी. भरणीच्या नळीवर परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसविलेला असला तर ती जागा हवानळीचीच. दुसरे, टाकीतून पाणी उतरले व थंड पाणी वेळेवर आले नाही तर त्या जागी हवा आत घेण्याचेही काम तिचेच. आमच्या तालुक्यातील एका आंबा बागायतदाराच्या घरी ही नळी दिवसातून दोनदा ठिबकते, पत्र्यावर डाग पडतात, म्हणून कामास आलेल्या एका कारागिराने तिला लाकडी बूच मारिले. महिना-दीड महिना काही झाले नाही. पुढे दिवाळीपूर्वी थंड टाकी धुवावयाची म्हणून भरणीचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि त्याच वेळी खाली पडवीशेजारच्या न्हाणीत कोणी गरम पाणी सोडले. खाली उतरणाऱ्या पाण्याने वर ओढ घेतली, हवेला वाट नाही. आतला पातळ पत्रा कागदासारखा चुरगळला व सांधे फुटले. यंत्र विकणाऱ्याने बूच पाहिले व हमीपत्र परत केले. त्याचेही चुकले असे आम्हांस वाटत नाही. नव्या टाकीस जो खर्च आला त्यात दोनशे कलमांचे शेणखत आले असते, असे ते गृहस्थ हळहळून सांगतात.

बूच माणूसच मारतो असेही नाही. कुंभारीण माशीला असे भोक फार आवडते. ती मातीचे घर करून नळी बंद करिते. तोंडावर पितळी जाळीचा तुकडा बांधावा. नळी ठिबकत असेल तर बहुधा तिची उंची कमी आहे. ती वाढवावी, बंद करू नये.

कमी दाबाविषयी इतके झाले. आपल्या जिल्ह्यात अधिक दाबाची तक्रारही तितकीच खरी आहे, आणि तिच्याकडे लक्ष कोणाचे जात नाही. ज्या गावी डोंगरातला झरा घरापेक्षा १०० फूट उंच आहे तेथे तळाशी दाब ३ किलोंचा पडतो. शेजाऱ्यांचे नळ रात्री बंद झाले की वाहत्या पाण्यातले घर्षण नाहीसे होऊन तो पूर्णपणे आपल्या नळीवर येतो. काचेच्या दुपदरी नळ्यांचे जे साधे सोलर आहेत ते रबरी कड्यांवर तोललेले असतात. पाच मीटर उंचीपुढचे पाणी त्यांस बहुधा साहत नाही, व यंत्राच्या पत्रकात ही मर्यादा छापलेली असते ती वाचावी. तांब्याच्या नळ्यांचे सपाट पेटीचे सोलर अधिक दाब सोसतात, पण तेही हवे तितका नव्हे. झऱ्याची नळी किंवा पंचायतीच्या नळयोजनेची जोडणी सोलरला थेट लावणे हे उघड्या डोळ्यांनी नुकसान घेणे होय. मध्ये फ्लोट असलेली लहानशी टाकी ठेवावी; झऱ्याचे पाणी तिच्यात पडेल, आणि सोलरला तेवढ्याच टाकीची उंची दिसेल. शंभर लिटरांची टाकी पुष्कळ झाली.

या दोन दाबांच्या भेदामुळेच मिक्सरची विचित्र तक्रार उत्पन्न होते. गरम सोडले की चांगले येते, त्यात थंड मिसळावयास जावे तो गरम नाहीसे होते व अंगावर एकदम गार पाणी पडते. पाहुणे मंडळी ओरडतात. कारण असे की थंड नळ झऱ्यावर किंवा विहिरीच्या पंपावर जोडलेला, गरम नळ दहा फुटांच्या टाकीवर. जोरकस थंड पाणी मिक्सरच्या पोटातून उलट गरम नळीत शिरते व सोलरपर्यंत जाते. दोन्ही नळ एकाच टाकीवरून घेतले की हा प्रकार तत्काळ थांबतो. महसुलाच्या नोकरीत आम्हांला एका विहिरीतले दोन हिस्सेदार पुष्कळ पाहावयास मिळाले. ज्याचा पंप मोठा त्याचेच पाणी, हे तेथे जसे, तसेच येथेही.

पंपाविषयी आमचे मत असे की, उंची वाढविणे अशक्यच असेल, नळ्या रुंद असतील, हवा व गाळ काढून झाला असेल, तरच तो घ्यावा. घेतल्यास थंड टाकीतून सोलरमध्ये पाणी लोटण्यासाठी तो कधीही बसवू नये. सोलरच्या पुढे, गरम पाणी सोसणारा पंप गरम नळीवर बसवावा, भरणीची नळी एक इंची व हवानळी मोकळी ठेवावी. विजेचाही विचार करावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली व मंडणगड या तालुक्यांत कित्येक गावे आठवड्यांमागून आठवडे अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. अशा दिवसांत उंचीवर चालणारे यंत्र ऊन पडले की पाणी देते, पंपावर चालणारे स्लॅबवर नुसते उभे राहते. घोडा उंच केला म्हणजे वारा अधिक लागतो हेही त्याच वादळांनी दाखविले. टाकीचे पाय स्लॅबमधील लोखंडास बोल्टाने पकडावे, सुतळी व विटा यांवर विसंबू नये.

विजेच्या गीझरची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या थंड पाण्याच्या तोंडाशी जो लहान व्हॉल्व्ह असतो तो पाणी तापताना थेंब थेंब गळतो. ते त्याचे कामच आहे, त्यास बूच मारणे म्हणजे घरात बॉम्ब ठेवणे. तो व्हॉल्व्ह आतील स्प्रिंगमुळे कमी उंचीच्या टाकीचा दाब थोडा खातो खरा, पण म्हणून तो काढून फेकू नये, टाकी उचलावी. गॅसचे गीझर तर दाब कमी असेल तर पेटतच नाहीत. ते बंद न्हाणीघरात कदापि लावू नयेत, त्यांच्या विषारी वायूने माणसे दगावली आहेत.

खाडीकाठच्या गावांनी आणखी एक पाहावे. चैत्र-वैशाखात विहिरींचे पाणी मचूळ होते, आणि त्यातील मीठ स्टीलच्या टाकीस बारीक भोके पाडते. टाकी गळू लागली की दाब गेला म्हणून लोक नळ्या उकरतात. अशा गावी त्या दोन महिन्यांपुरते सोलरला पावसाच्या साठवणीचे किंवा गोड्या विहिरीचे पाणी द्यावे. डोंगराकडील जांभ्याचे पाणी मऊ असल्यामुळे चुन्याचा थर आपल्याकडे सहसा बसत नाही, परंतु तेच पाणी किंचित आंबट असल्याने जुन्या लोखंडी नळ्या आतून गंजून त्यांचे पोट बारीक होते. वीस-पंचवीस वर्षांची लोखंडी नळी असेल तर तिचा एक तुकडा कापून आत डोकावून पाहावे. अर्ध्या इंचात पेन्सिलही जात नाही अशा नळ्या आम्ही पाहिल्या आहेत.

आषाढ-श्रावणात ऊन नसते. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात तेवढे दिवस बंबाचीच सोय धरावी, आणि सोलर भरलेला ठेवावा, रिकामा ठेवू नये. दसरा झाला की एका सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, टाकीच्या तळाचा निचरा-व्हॉल्व्ह सोडून पावसाळ्यातला तांबडा गाळ वाहू द्यावा. पाणी स्वच्छ येईपर्यंत भरणी चालू ठेवावी, म्हणजे टाकी मध्येच रिकामी होत नाही. त्याच वेळी हवानळीची जाळी पाहावी, थंड टाकीतील फ्लोट हलवून पाहावा आणि बादली भरण्यास लागलेला वेळ न्हाणीघराच्या दाराआड पेन्सिलीने लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी धार कमी वाटली तर वाद घालावयास आकडा हाताशी असतो.